फरारी सर्वनाम

विहीणबाईंचा होकार अजून यायचा होता, विहीणबाई स्वतः मात्र येत्या रविवारी येणार होत्या, आणि भास्करराव बिवलकर रत्नागिरीतल्या आपल्या घराच्या पडवीत बसून एका सर्वनामाशी भांडत होते. सर्वनाम स्पॅनिश होतं. उच्चारायला एकच अक्षर, ‘से’. पण त्याचे उपयोग मारुतीच्या शेपटासारखे लांबत चालले होते. स्वतःचं तोंड स्वतः धुतलं तरी से. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं तरी से. ‘येथे अस्सल हापूस मिळेल’ अशी पाटी लावायची झाली तरी से, आणि गावात लोक काहीबाही बोलतात, पण कोण बोलतं ते विचारू नका, असं म्हणायचं झालं तरी पुन्हा सेच. इतक्या खात्यांचा कारभार एकाकडे दिला की तिथे घोळ असायचाच, हे भास्कररावांनी उभी नोकरी ऑडिटमध्ये काढून पाहिलेलं होतं.

आता या वयात माणसाने स्पॅनिश शिकायचं काय कारण? कारण मुलगा. सलिल स्पेनमध्ये पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता आणि तिथल्याच इनेस नावाच्या मुलीशी त्याचं जमलं होतं. मुलगी गुणाची, पण तिची एक अट होती: आई हो म्हणेल तर लग्न. आई म्हणजे पिलारबाई. नवरा गेलेला, एकुलती एक लेक. बाई हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. मी त्या घरी जाईन, माणसं बघेन, मग सांगेन, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलीकडच्यांनी येऊन मुलाचे आईबाप पारखून जावेत असा प्रकार बिवलकरांच्या घराण्यात आजवर झालेला नव्हता. भास्कररावांना तो चांगलाच झोंबला होता. पण बोलायची सोय नव्हती, कारण त्यांच्या बोलण्यावर घरात बंदी होती.

बंदीचं मूळ केळशीला. तीनेक वर्षांपूर्वी तिथल्या एका स्थळाकडे सलिलसाठी मुलगी बघायला सगळे गेले होते. पत्रिका जुळलेली, मुलगी पसंत, सलिल तर गाडीत गाणं गुणगुणत गेलेला. जेवताना मुलीची आई सहज म्हणाली, ‘सोलकढी जरा खारटच झाल्ये.’ यावर जगातला कोणीही माणूस ‘छे हो, छान आहे’ म्हणतो. भास्करराव म्हणाले, ‘झाली नाही, केलीत.’

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ‘निधी खर्च झाला’, ‘नस्ती गहाळ झाली’ असली वाक्यं खोडून समासात लाल शाईने ‘कोणी केली?’ लिहायची हाताला सवय, ती तोंडाला लागलेली. केळशीकरांकडून पुढे निरोप आला नाही. पुढच्या महिन्यात सलिल स्पेनला निघून गेला. तेव्हापासून फोनवर तो आईशी बोले, शेवटी ‘बाबा बरे आहेत ना’ असं विचारी, आणि बाबा तिथेच मांडीला मांडी लावून बसलेले असले तरी उत्तर आईकडूनच घेई. भास्करराव वर्तमानपत्र उघडून डोळ्यांसमोर धरत. त्यांना ते दर वेळी लागे.

त्यामुळे सलिलच्या आईने, उल्काबाईंनी, या खेपेला नवऱ्याला आधीच बजावलं होतं. “आत्ता तुमच्या तोंडामुळे मोडलं ना, तर मुलगा कायमचा गेला समजा. तुम्ही बोलायचं नाही. हसायचं आणि हात जोडायचे.”

बऱ्याच घासाघिशीनंतर दारात स्वागताचं एक वाक्य मंजूर झालं, तेही स्पॅनिशमधलं. त्यात उल्काबाईंचा हिशेब होता. मराठीत नवऱ्याची जीभ तलवारीसारखी चाले, परक्या भाषेत ती बोथट राहील असा त्यांचा अंदाज. तो अगदीच चुकीचा नव्हता.

शिकवणी मोबाईलवर होती. पुण्याच्या नीरजा नावाच्या बाई, वय फार तर पंचविशीचं, रोज सकाळी पडद्यावर येत आणि ‘बोला काका’ म्हणत. भास्कररावांना विद्यार्थी व्हायला हरकत नव्हती, पण काका आणि विद्यार्थी हे एकाच वेळी होणं त्यांना जड जाई. नीरजाने स्वागताचं वाक्य करून दिलं होतं: ‘आकी से ला एस्पेराबा.’ म्हणजे, इथे आपली वाट पाहिली जात होती. भास्कररावांनी लगेच हरकत घेतली. वाट पाहिली जात होती म्हणजे काय, वाट मी पाहिली, उल्काने पाहिली, ज्याने पाहिली त्याचं नाव यायला नको का? नीरजाने शांतपणे सांगितलं की यात सगळं घर आलं, नावं घेतली की कोणीतरी सुटतं. भास्कररावांनी ते वहीत उतरवून घेतलं खरं, पण समाधान झालं नव्हतं.

खरी ठिणगी पडली ती शुक्रवारी. त्या दिवशी नीरजाने सेचा आणखी एक उपयोग काढला. हातातून कप पडला, घरात किल्ली विसरली, दूध उतू गेलं, अशा वेळी स्पॅनिश माणूस ‘मी पाडला’ म्हणत नाही. कप आपला आपण पडला आणि माझ्या बाबतीत पडला, अशी काहीतरी त्याची बोलण्याची रीत असते.

“पण पाडला कोणी?” भास्कररावांनी विचारलं.

“तेच तर काका. ते कोणी विचारत नाही.”

भास्करराव खुर्चीतून उठलेच. ज्या वाक्यांना त्यांनी जन्मभर लाल शाई लावली, त्या सगळ्यांसाठी एका देशाने खास सर्वनाम ठेवलं होतं. “हे सर्वनाम नव्हे,” ते म्हणाले, “हा फरारी आरोपी आहे.” नीरजाने हसून सांगितलं की मराठीतही आपण ‘हातून पडला’ म्हणतोच की. यावर भास्करराव म्हणाले, म्हणूनच तर देशाची ही अवस्था आहे. तास तिथेच संपला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आंघोळ करताना, देवपूजा करताना, भाजीवाल्याकडे सुटे पैसे मागताना ‘से मे आ काईदो, से ले आ काईदो’ असं त्यांचं तोंडातल्या तोंडात चालू होतं. माझ्या हातून पडलं, तुमच्या हातून पडलं. आणि पाठ व्हायला हवं होतं ते स्वागताचं वाक्य मात्र दर दोन तासांनी विसरत होतं.

अशा वेळी शेजारी सल्ला देतात. समोरचे आत्माराम मयेकर बोटीवर नोकरी करून सगळी बंदरं फिरून आलेले. त्यांच्या मते सर्वनाम वगैरे सगळं पुस्तकी होतं. “भास्करराव, तिकडे बोलायचं काय ते? पयला शब्द जोरात, बाकीचे गिळायचे, नि हात हलवायचे. मी ह्याच्यावर अर्धी पृथ्वी फिरलो,” ते म्हणाले. शिवाय बाईंना ताजं पापलेट घाला, होकार ताटावर मिळेल, असंही त्यांनी सुचवलं. बिवलकरांकडे मासा शिजत नाही हे आत्माराम दर वेळी विसरत. भास्कररावांनी आरशासमोर हात हलवून पाहिले तेव्हा उल्काबाईंनी आत येऊन, कोणाला हाकलताय, असं विचारलं.

मग सरकार. परदेशी पाहुणा घरी उतरणार म्हणजे त्याची नोंद करावी लागते. भास्करराव सगळे कागद लावून कचेरीत गेले. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर सगळं भरलं आणि ‘नातं’ या रकान्यापाशी थांबली. भास्करराव म्हणाले, होणारी विहीण. कॉम्प्युटरच्या यादीत विहीण नव्हती. मुलगी म्हणाली, काका, मग झाल्यावर करू या का? भास्कररावांनी तिला समजावून सांगितलं की ते होणं न होणं याच मुक्कामावर अवलंबून आहे. मागच्या रांगेतल्या लोकांनाही आता विषयात गोडी वाटू लागली. कोणी म्हणालं मावशी लिहा, कोणी म्हणालं पाहुणी. शेवटी मुलीने ‘मैत्रीण’ करून टाकलं. ज्या बाईला आपण आयुष्यात पाहिलेलं नाही ती आपली मैत्रीण असल्याचं सरकारदरबारी नोंदवून भास्करराव घरी आले आणि त्यांनी ही गोष्ट उल्काबाईंना सांगितली नाही.

घरी वेगळीच धांदल होती. पाहुण्यांच्या खोलीतली आंब्याची अढी हलवून जेवणघरात आणली होती, त्यामुळे सगळीकडे पेंढा, आणि जिन्याखाली, टेबलाखाली, देवघराच्या दारात आंबे. त्यातच शेजारच्या येसूबाई येऊन बसल्या होत्या. येसूबाई वयाने आळीत सर्वांत मोठ्या. त्यांचं म्हणणं सगळे ऐकत, कारण न ऐकून चालतच नसे.

“अरे भास्कर,” त्या म्हणाल्या, “एवढा समुद्र ओलांडून माणूस यायचं, वाटेत कोणाकोणाची नजर पडली असेल. भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही हो.”

यात वादाला जागा नव्हती. सून येवो, बाळंतीण येवो, लांबून कोणी येवो, दारात थांबवून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळायचं, आणि तुकडा लांब भिरकावून द्यायचा, की नजर त्याच्याबरोबर बाहेर. उल्काबाईंनी फक्त एक अडचण काढली. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. त्या ओवाळतील, पण लांब फेकणं त्यांना जमायचं नाही. तेव्हा फेकायचं काम भास्कररावांकडे आलं. एक वाक्य आणि एक तुकडा, एवढीच त्यांची कामगिरी ठरली. कोणाला वाटेल, यात काय अवघड आहे.

रविवारी सलिल, इनेस आणि पिलारबाईंची गाडी उशिरा होती. भास्करराव सकाळपासून इस्त्रीच्या शर्टात उभे. बसले तर सुरकुत्या पडतील म्हणून नाही, बसले की वाक्य विसरायला होई म्हणून. चिपळूण सोडल्याचा सलिलचा फोन आला, आईला. मग स्टेशनवर उतरल्याचा आला, आईला. उल्काबाई तांब्या घासलेला असताना पुन्हा घासत होत्या. ओट्याजवळ त्या एकदा थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, मला भीती वाटते.” भास्कररावांनाही वाटत होती. पण ते म्हणाले, आकी से ला एस्पेराबा, आणि बरोबर आलं म्हणून दोघांनाही जरा हायसं वाटलं.

टॅक्सी फाटकाशी लागली. सलिल उतरून डिकीकडे गेला. त्याने घराकडे पाहून हात केला, तो आईला होता. इनेस आणि तिची आई आत आल्या. पिलारबाई ठेंगण्या, काळा झगा, केस मागे घट्ट बांधलेले, आणि चेहरा असा की भास्कररावांना आपल्या जुन्या वरिष्ठांची आठवण झाली. त्यांनी चिऱ्याच्या पायऱ्या पाहिल्या, छपराकडे पाहिलं, मग उंबऱ्यावर उभ्या असलेल्या भास्कररावांकडे पाहिलं. ती नजर कागद तपासणाऱ्याची होती. अशा नजरेने आजवर ते इतरांकडे पाहत आले होते, आपल्याकडे कोणी पाहिलं तर कसं वाटतं ते त्यांना त्या क्षणी कळलं.

उल्काबाईंनी दोघींना हाताने थांबवलं आणि तुकडा व पाणी तीनदा ओवाळलं. इनेसला सलिलने काहीतरी सांगून ठेवलं असावं, ती हसत होती. पिलारबाई हसत नव्हत्या. पाणी बाजूला ओतलं गेलं आणि तुकडा भास्कररावांच्या हातात आला.

“लांब टाक रे, लांब,” कुंपणाच्या गडग्यापलीकडून येसूबाईंचा आवाज आला.

भास्कररावांनी बाईंच्या डोक्यावरून नेम धरला आणि होतं नव्हतं ते बळ लावून तुकडा भिरकावला. तो पलीकडच्या पोफळीच्या बुंध्यावर आपटला, उलट फिरला, आणि पिलारबाईंच्या बुटांपाशी येऊन पडला.

आत्माराम आपल्या पडवीत चहाचा कप धरून उभे होते, त्यांनी तो कठड्यावर ठेवला. चोवीस तास प्रवास करून आलेल्या विधवा बाईला दारात अडवून, घरधन्याने तिच्या अंगावर शिळ्या भाकरीचा तुकडा फेकला होता. निदान परक्या डोळ्यांना दिसलं ते एवढंच. इनेसचं हसू गेलं होतं. उल्काबाईंनी तांब्या छातीशी धरला. स्वागताचं वाक्य भास्कररावांच्या डोक्यातून असं साफ गेलं की कधी पाठ केलंच नव्हतं, आणि त्यांना एकच गोष्ट दिसत होती: केळशीहून परत येतानाचा, गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसलेला सलिल.

पिलारबाई वाकल्या. त्यांनी तुकडा उचलला. फुंकर मारून त्यावरची माती उडवली. मग तो ओठांना लावून त्याचा मुका घेतला. त्यांच्या गावी पाव जमिनीवर पडला तर तो असा उचलायचा आणि मुका घेऊन परत ठेवायचा असतो, अन्नाचा अपमान राहू द्यायचा नसतो, हे बिवलकरांना पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बाई पायऱ्या चढून वर येताहेत आणि तुकडा पुढे धरताहेत.

“से ले आ काईदो,” त्या म्हणाल्या. हळू आणि स्पष्ट.

तुमच्या हातून पडला.

भास्कररावांना ते कळलं. सगळ्या भाषेतलं तेवढंच एक वाक्य त्यांना मुळापासून कळत होतं. बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हात मागे गेलेला, नेम धरलेला, तुकडा फेकलेला, सगळं. आणि तरी त्या म्हणत होत्या, पडला. पायऱ्या चढायला लागलेल्या पाचसहा क्षणांत त्यांनी एका अनोळखी माणसाला त्याच्याच दारात, त्याच्या बायकोमुलांसमोर वाचवायचं ठरवलं होतं. केळशीला त्या माउलीने खारट सोलकढी पुढे करून एवढंच मागितलं होतं.

‘नाही, मी फेकला’ हे त्यांना स्पॅनिशमध्ये म्हणता येत होतं. ते शब्द जिभेवर आलेही. खरं तेच होतं, आणि खरं तेच बोलायचं या एका गोष्टीवर त्यांनी जन्म काढला होता.

“सी,” ते म्हणाले. “से मे आ काईदो.” हो. माझ्या हातून पडला.

पिलारबाईंनी मान हलवली. प्रकरण त्यांच्या बाजूने मिटलं होतं. पण तुकडा आता भास्कररावांच्या हातात होता आणि ते बरोबर उंबऱ्यावर उभे होते.

“भास्कर, मेल्या, तो आत नेऊ नको,” येसूबाई गडग्यावरून अर्ध्या वाकल्या होत्या. “सगळी नजर आहे त्यात. टाक तो, टाक.”

बाहेर टाकावा, तर ज्या भाकरीचा बाईंनी मुका घेतला ती पुन्हा त्यांच्या डोळ्यांदेखत भिरकवायची. आत न्यावा, तर सातासमुद्रांची नजर देवघरापर्यंत. बाहेर अपमान, आत अपशकुन. बाहेरही नाही आणि आतही नाही अशी एकच जागा त्यांना सुचली. त्यांनी तुकडा तोंडात टाकला.

येसूबाईंनी डोळे मिटून घेतले. तांदळाची कालची भाकरी, तिला वर अंगणातली लाल माती. ती चावताना कचकच असा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. भास्कररावांनी चावताना बाईंवरची नजर काढली नाही. पिलारबाईंचा चेहरा आधी तसाच होता. मग तोंडाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि त्यांनी पदर नसलेल्या बायका जसं हाताने तोंड झाकतात तसं झाकून घेतलं. खांदे हलत होते. वळून त्या लेकीला काहीतरी भराभर बोलल्या. त्यात से तीनदा तरी आला असेल, भास्कररावांना एकाचाही अर्थ लागला नाही. इनेस ‘मामा’ म्हणाली, तिकडे आईला तसंच म्हणतात, आणि तिचे डोळे भरले.

सलिल दोन्ही हातांत बॅगा घेऊन पायरीशी पोचला होता. त्याने ते ऐकलं. त्याने बॅगा खाली ठेवल्या. आई पायरीवरच, हाताच्या अंतरावर उभी होती. तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, “बाबा, त्या तारीख विचारतायत.”

भास्कररावांचं तोंड भरलेलं. भाकरी आत जाईना नि बाहेर येईना. त्यांनी एक बोट वर करून थांबायची खूण केली. उल्काबाई धावत आत गेल्या, पेंढ्यात पाय अडकून दोन आंबे घरंगळले तिकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि पाण्याचं भांडं घेऊन आल्या. भास्कररावांनी ते एका दमात संपवलं. उल्काबाईंनी भांडं परत घेतलं, नवऱ्याच्या शर्टावरचे भाकरीचे कण झटकले.

“बोला,” त्या म्हणाल्या. “आता तुम्हीच बोला.”

भास्कररावांनी मुलाकडे पाहिलं. तो त्यांच्याकडेच बघत होता, उत्तरासाठी थांबलेला.

“तुला रजा कधी मिळेल रे?” त्यांनी विचारलं.